माडावरच्या गेंड्या भुंग्याचे मूळ गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात)

उमललेल्या झावळीवर कात्रीने छाटल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तरी ते काम जुने. भुंग्याने पान कोंबात असतानाच कुरतडलेले असते. भुंगा आत आहे का, हे झावळीच्या बेचक्यातल्या भोकावरून कळते. तोंडाशी चघळलेला ओला चोथा असेल तर आत आहे. सुका, काळपट असेल तर उडाला.

ओला चोथा दिसला की पाडेल्याकडून (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून) गळासारखे टोक वाकवलेली लोखंडी सळी भोकात घालून भुंगा ओढून काढावा. सळी भोकाच्याच वाटेने जाऊ द्यावी; आडवी रेटली तर गाभा फुटतो आणि माड हातचा जातो. मग भोक पेंड-वाळूने बुजवावे. उघड्या जखमेच्या वासाने सोंड्या (माडाचे खोड पोखरणारा लाल भुंगा) येतो, आणि तो गेंड्यापेक्षा वाईट.

पेंड-वाळूचे प्रमाण: माडामागे 250 ग्रॅम कडुनिंबाची किंवा करंजाची पेंड आणि तेवढीच वाळू. पेंड बारीक कुटावी, ढेकळे बेचक्यात टिकत नाहीत. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरावी. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर, अशी वर्षातून तीनदा. मेची खेप चुकवू नका, कारण भुंगे पावसाच्या तोंडावर जास्त उडतात. लहान रोपांकडे आधी बघावे. त्यांचा कोंब खाल्ला गेला की रोप मरते.

पण कुळागरातले (बागेतले) सगळे माड भरले आणि गोठ्यामागची गायरी तशीच राहिली, तर मेहनत फुकट. अंडी तिथे घातली जातात. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी शेणात तीन ते सहा महिने काढते. दर दोन महिन्यांनी खत उलथावे, कोंबड्या सोडाव्यात. पडलेले, कुजके माडाचे खोडही तितकेच दोषी, फोडून जाळावे.

उलथलेल्या गायरीवर मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी शिंपडावी: एक घनमीटर खताला 250 मिली कल्चर आणि 750 मिली पाणी. ओल हवी, सावली हवी. भर उन्हात सुक्या शेणावर मारली तर बुरशी मरते, आणि मग दोष औषधाला. बुरशीनाशक जवळपासही नको.

जोडीला पाच लिटर पाण्यात एक किलो एरंडीची पेंड भिजवून मडकी ठेवता येतात. रोज सकाळी पडलेले भुंगे गाळून मारावेत.

पुढे खत उलथताना हिरवी पूड चढलेल्या, कडक अळ्या सापडतील. त्या फेकू नका, खतात परत पुरा. बुरशी त्यांच्यावरूनच पसरते.