फेकणाऱ्या पोरांचा हात सुजला की या चुका टाळा

भाला, फास्ट बॉलिंग, व्हॉलीबॉलचा स्मॅश, खेळ कुठलाही असो, हात धरला की आपल्याकडे औषध एकच, नस चढली, रगडून घे. याच चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं.

यावलकडचा एक भालाफेकवाला पोरगा. सकाळी उठला तर उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, निळसर, टी-शर्टची बाही दंडात रुतलेली. घरचे म्हणे काल केळीचे घड वाहिले म्हणून असेल. मालिशवाल्याने गरम तेलाने रगडला आणि वरून क्रेप बँडेज आवळलं. माझ्याकडे आणला तेव्हा शर्ट काढायला लावला, तर खांद्यावर अन् छातीवर त्याच बाजूच्या शिरा फुगलेल्या. हे दिसलं की मी हाताला हात लावत नाही, सरळ कलर डॉपलरला, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीला पाठवतो. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधे मोठी शीर चेपते, रोज फेकून फेकून ती आतून दुखावते आणि गुठळी बसते, पॅजेट-श्रॉटर म्हणतात याला. आता अशी गुठळी रगडायची? सुटून फुफ्फुसात गेली म्हणजे? नळी टाकून ती विरघळवायचा इलाज पहिल्या दोन आठवड्यांत चांगला लागू पडतो, अन् आपले तेवढे दिवस तेलातच जातात. या पोराची नंतर पहिली बरगडी काढली, बाप घाबरला होता, पोरगा आज फेकतोय.

दुसरी चूक, गार बोट. भुसावळचा मे महिना, अंगाची लाही, आणि बॉलरचं एकच बोट पांढरं नि थंड, तरी अशक्तपणा म्हणून बी कॉम्प्लेक्स! अरे भाऊ, ही धमनीची भानगड असू शकते, खांद्याजवळ ती दुखावते, तिथून गुठळीचे बारीक तुकडे बोटांत जाऊन अडकतात. अमेरिकेत ह्यूस्टनचा बेसबॉल पिचर जे. आर. रिचर्ड हात मेल्यासारखा वाटतो म्हणून सांगत होता, लोकांनी कामचुकार ठरवला, 1980 च्या जुलैत त्याला स्ट्रोक आला.

हात वर केल्यावर मनगटाची नाडी लागेनाशी झाली म्हणजे शीर-धमनी चेपायचा हा रोग पक्का, असंही नाही, धडधाकट माणसाचीही जाते. पेनकिलर खाऊन मॅच खेळू नका.

आणि घाई! डिस्चार्जच्या दिवशीच विचारतात, सर, परत कधी फेकू? रक्त पातळ करायच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि त्या चालू आहेत तोवर गल्लीतली कबड्डीसुद्धा नाही.