कोकणातली छोटी संग्रहालयं बघायला निघालात? या चुका टाळा

दाराला कुलूप होतं. पाटीवर वेळ लिहिलेली, सकाळी दहा ते पाच. घड्याळात सव्वाबारा. फोनवरचा नकाशा ठामपणे सांगत होता की संग्रहालय 'सुरू आहे'. आम्ही चौघं मे महिन्याच्या उन्हात उभे, आई गाडीत वारा घेत बसलेली. शेजारच्या खळ्यात एक बाई आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी जरा वेळ आमची गंमत बघितली आणि मग म्हणाल्या, "चावी आमच्याकडेच आसा. बसा जरा, भात उतरवतंय नि येतंय."

कोकणातल्या छोट्या संग्रहालयांचं गणित इथेच कळतं. मुंबईतल्या मोठ्या संग्रहालयात तिकीट खिडकी, पहारेकरी, माहिती सांगणारा, कॅंटीनवाला अशी सगळी वेगवेगळी माणसं असतात. इथे बऱ्याचदा हे सगळं मिळून एकच माणूस असतो, आणि त्याला दुपारी भूक लागते. गेली काही वर्षं मी पाहुण्यांना घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरतोय. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

वार न बघता निघणं

राज्य सरकारची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रत्नागिरीचा थिबा राजवाडा त्यातलाच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संग्रहालयं मात्र शुक्रवारी बंद. कोकण करून पुढे गोव्यात उतरणारे जुन्या गोव्यातल्या संग्रहालयाच्या दारात शुक्रवारी हमखास अडकतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणाऱ्यांचं तर ठरलेलंच. सोमवार रत्नागिरीसाठी राखून ठेवतात आणि राजवाड्याच्या फाटकाबाहेर सेल्फी काढून परत जातात.

खासगी आणि संस्थांच्या जागांना असा एकच नियम नाही. तिथे आदल्या दिवशी फोन करणं हाच उपाय. फोनवर फक्त "उघडं आहे का?" विचारू नका, कारण उत्तर "हो" असंच येणार. "अकरा वाजता आम्ही पाचजण येतोय, कोण असेल?" असं विचारा. दुपारी एक ते तीन कोणालाच गृहीत धरू नका. आणि गणपतीत किंवा शिमग्यात फक्त संग्रहालयं बघायला कोकणात जाण्याचा बेत करत असाल तर तो सोडून द्या. त्या दिवसांत चावी ज्यांच्याकडे असते ती माणसं आपापल्या घरी आरतीला नाहीतर पालखीमागे असतात. तुम्हीही तिकडेच जा, जास्त काही बघायला मिळेल.

एका दिवसात पाच ठिकाणं

नकाशावर कोकण चपटा दिसतो. प्रत्यक्षात मध्ये घाटी असते, खाडी असते, आणि खाडीवर फेरीबोट असेल तर तिच्या वेळा असतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ ओलांडायचं असेल तर फेरीचा वेळ धरूनच पुढचं ठरवा. बोट नुकतीच सुटली असेल तर धक्क्यावर ताटकळत राहण्यात संग्रहालयाचा अर्धा तास जातो.

मला जमलेले तीन दिवस सांगतो. एक दिवस पूर्ण रत्नागिरी शहराचा : टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, थिबा राजवाडा, आणि मुलं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय. तिथल्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे मोठी माणसंही गप्प होतात. दुसरा दिवस गणपतीपुळ्याचा. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीहून पंचवीसेक किलोमीटर. तिथे 'प्राचीन कोकण'मध्ये जुन्या काळचं गाव आणि बारा बलुतेदार माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केलेत, आणि जवळच मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. तिसरा दिवस कुडाळ-सावंतवाडीचा. त्याबद्दल पुढे.

थिबा राजवाड्यात सिंहासन शोधणं

ही निराशा मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे झुंबरं, गाद्यागिरद्या, हिरे असं काहीतरी येतं. आत दगडी मूर्ती, जुने फोटो, काही वस्तू आणि बाकी मोठ्या, रिकाम्या खोल्या. वीस मिनिटांत लोक बाहेर येतात. "काही नाही हो, बिल्डिंग बरी आहे."

त्या रिकामेपणाची गोष्ट आधी माहीत असेल तर तीच जागा वेगळी दिसते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याला राणी सुपयालतसह रत्नागिरीत आणून ठेवलं. का, तर इथून पळून जाणं अवघड. तेव्हा रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. हा राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, आणि थिबा वारला १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या नजरकैदेतली जवळजवळ पंचवीस वर्षं त्याने इतर बंगल्यांत काढली. ज्या घराला आपण त्याचा राजवाडा म्हणतो तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. बरोबर आणलेले दागिने हळूहळू विकले गेले. मग सिंहासन कुठून असणार?

म्हणून आत शिरल्यावर कपाटांकडे धावू नका. आधी जांभ्या दगडाच्या त्या लाल भिंती, वरच्या अर्धगोल खिडक्या आणि लाकडावरचं कोरीव काम बघा. मग वरच्या मजल्यावर जाऊन खाडीच्या दिशेने तोंड करून उभे राहा. त्याची समाधी मात्र या आवारात नाही, ती शहरात वेगळ्या ठिकाणी, वस्तीमध्ये आहे. तिथे जायचं तर रिक्षावाल्याला विचारा. आणखी एक. थिबाच्या आधी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला ब्रह्मदेशात, रंगूनला पाठवलं होतं. आपल्याकडचा कैदी तिकडे, तिकडचा कैदी आपल्याकडे. मुलांना हे सांगितलं की ती वीस मिनिटांत बाहेर पडत नाहीत.

पाटी वाचून पुढे सरकणं

छोट्या संग्रहालयांतल्या पाट्या एका ओळीच्या असतात. 'इरले', बस्स. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला ती उलटी ठेवलेली होडी वाटते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं. डोक्यावरून घेतलं की पाठ कमरेपर्यंत झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. लावणी करताना छत्री धरणार कोण? पाऊस पाठीवर पडतो, कारण माणूस वाकलेला असतो. इरल्याचा आकार वाकलेल्या पाठीचा आहे. एवढं लक्षात आलं की शेजारच्या खुंटीवरची घोंगडी, कोपऱ्यातलं नांगर-जू, सगळं एका शेतात जाऊन उभं राहतं.

हे पाटीवर नसतं, चावीवाल्या माणसाला माहीत असतं. पण "हे काय आहे?" असं विचारलंत तर तो पाटीच वाचून दाखवेल. "तुमच्या घरी हे होतं का?" असं विचारून बघा. मी हा प्रश्न वायनाबद्दल विचारला होता. वायन म्हणजे जमिनीत पुरलेली दगडी उखळ. सांगणारे काका पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बोलत होते : दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून मुसळं कशी टाकायच्या, ताल चुकला तर काय व्हायचं, आणि गिरणी आल्यावर त्यांच्या आईने ते मुसळ चुलीत घालून कसं संपवलं.

पिंगुळीला 'जाता जाता' डोकावणं

कुडाळजवळचं पिंगुळी हे ठाकर आदिवासी कलावंतांचं गाव. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या अशा कला इथल्या घराण्यांनी सांभाळल्या. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलंय. हमरस्त्यावरून गोव्याला जाताना लोक इथे गाडी बाजूला घेतात, दहा मिनिटं फोटो काढतात आणि निघतात.

यातली चूक अशी की चित्रकथी ही भिंतीवर बघायची चित्रं नाहीत. एका आख्यानाची सुटी चित्रं म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, गातो, साथीला टाळ असतात, आणि कथा पुढे सरकली की चित्र बदलतं. कपाटातली चित्रकथी म्हणजे नाटकाचे नुसते कपडे. छायाबाहुल्यांचंही तेच. पडदा आणि मागचा दिवा नसेल तर ते रंगवलेलं चामडं. म्हणून आधी कळवा, प्रयोग बघायचाय असं स्पष्ट सांगा आणि त्याचे पैसे किती ते तेव्हाच विचारा. दोन-तीन कुटुंबं मिळून गेलात तर कोणालाच जड जात नाही. प्रयोग झाल्यावर घासाघीस करणाऱ्यांबरोबर मी एकदा होतो, ती लाज अजून आठवते.

फोटो विचारून काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. जुन्या कागदावरचा रंग उजेडाने उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

इथून सावंतवाडी वीसेक किलोमीटरवर. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवण्याचं काम चालतं. दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. पानं गोल आणि लाखेची चकाकी असलेली. दुकानात शिरून किंमत विचारण्याआधी जो माणूस ब्रशने रेघ ओढतोय त्याच्यापाशी थांबा. त्याला मध्येच बोलतं करू नका. रेघ संपली की तो मान वर करतोच.

हात, छत्री आणि पितळ

कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत लाकूड, कागद, चामडं सगळंच आधीच जेरीला आलेलं असतं. पावसाळ्यात भिजलेली छत्री बाहेरच ठेवा. घामट हात वस्तूला लावू नका. जातं ओढून बघण्याची परवानगी असेल तर मुलांना तिथे मनसोक्त ओढू द्या म्हणजे बाकीच्या ठिकाणी ती हात आवरतात. कुठे बुरशीचे डाग किंवा फिकट पाटी दिसली तर नाक मुरडू नका. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं उदाहरण घ्या. १८६४ सालची संस्था. २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांत ग्रंथालयात पाणी शिरलं, आणि तरी ते लोक ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय दोन्ही चालवतायत.

आता माझा पराक्रम. आजोळच्या माळ्यावर एक काळीठिक्कर पितळी समई मिळाली. एका संग्रहालयाला द्यायची म्हणून मी ती चिंच, मीठ आणि तारेच्या घासणीने तासभर घासली. सोन्यासारखी झाली. तिथल्या माणसाने ती उलटी करून बुडाशी बघितलं आणि विचारलं, "इथे नाव होतं का कोरलेलं?" होतं. अर्धं उरलं होतं. तुमच्याकडे असं काही असेल तर धूळ झटका, फोटो काढा, कोणाची, कुठली, कधीपासून घरात ते कागदावर लिहा आणि वस्तू आहे तशी न्या. दिल्याची पोच घ्या.

विकायचा विचार असेल तर जरा थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, पुरावशेषात मोडतं. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भाच्याला आजीची पोथी देण्याआधी हे डोक्यात असू द्या. आणि संग्रहालयात उभं राहून "हे विकणार का?" असं कृपा करून विचारू नका.

तरीही अडलंच तर

कुलूप दिसलं तर शेजारच्या घरी किंवा जवळच्या टपरीवर विचारा, फोनवर नव्हे. वीज गेली तर टॉर्च ठेवा, तो काचेवर सरळ न मारता बाजूने मारा. नेटवर्क नसतं, म्हणून तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. दहा-वीसच्या नोटा. पाचशेची नोट काढलीत की चावीवाला मोड आणायला जातो आणि त्याचा परत येण्याचा वेळ त्याच्या मर्जीवर.

अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान, अवश्य भेट द्या' लिहून सही ठोकण्याचीही एक सवय आहे. त्यापेक्षा तुम्हाला काही ठाऊक असेल तर ते लिहा. आमसुलवाल्या बाईंनी भात उतरवून कुलूप काढलं तेव्हा आई गाडीतून उतरून आत आली. एका लाकडी मापाखाली पाटी होती, 'धान्य मोजण्याचे माप'. आई वाकली आणि म्हणाली, "ही अधोली. दोन शेरांची. अशा दोन भरल्या की पायली." बाईंनी कनवटीचं बॉलपेन काढलं, तिथेच पाटीवर 'अधोली, २ शेर' असं लिहिलं, आणि आईला विचारलं, "आणि ह्या बाजूचा काय ता?"