मुतखडा औषधाने पडू देताना

मुतखड्यावर गोळी सुरू झाली की खडा आतल्या आत विरघळेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात टॅम्सुलोसिनसारखे औषध खड्यावर काहीच परिणाम करत नाही, तर मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीच्या) भिंतीतील स्नायू सैल करून त्याची वाट मोकळी करते. (औषधाने खरोखर विरघळतो तो मुख्यतः युरिक ॲसिडचा खडा, आणि त्यासाठी लघवीतील आम्लता कमी करणारी औषधे वेगळी असतात.) म्हणून खडा केवढा आहे आणि कुठे अडकला आहे, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने आधी कळायला हवे. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात; औषधाचा खरा उपयोग मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेल्या 5 ते 10 मिलिमीटरच्या खड्यांसाठी होतो.

टॅम्सुलोसिनची सहसा 0.4 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर घ्यायची असते. ती फोडू वा चावू नये. या औषधाने उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, त्यामुळे रात्री लघवीला उठताना क्षणभर पलंगाच्या कडेला बसावे आणि मगच पाय टाकावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असल्यास नेत्रतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचे आवर्जून सांगावे.

कळ आल्यावर डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक चांगले काम करते, मात्र मूत्रपिंड अशक्त असेल किंवा पोटात अल्सर असेल, तर ते स्वतःहून घेऊ नये. कळ चालू असताना पेल्यामागून पेले पाणी पिऊन खडा पुढे ढकलता येत नाही. तहानेपुरते पाणी पुरे.

दर वेळी लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून करावी. खरखरीत, टोकेरी कण हाती लागला, तर तो कोरडा करून तपासणीसाठी द्यावा, कारण पुढे खडे होऊ नयेत म्हणून काय करायचे, हे त्याच्या घटकांवरून ठरते.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्यांमुळे औषध पोटात टिकेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतते.

कळ थांबली म्हणजे खडा पडलाच, असे मात्र मुळीच समजू नये. अडकलेला खडा मुकाट्याने मूत्रपिंड निकामी करू शकतो, म्हणून गाळणीत काही सापडले नसेल तर पुन्हा तपासणी करावी, आणि 4 ते 6 आठवड्यांत खडा पडला नाही तर तो दुर्बिणीने काढण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.