थंडीतली वेतं: शेळी एका करडाला जवळ घेत नसेल तर

थंडीत शेळ्या व्यायला लागल्या की जुळी-तिळी झाल्याच्या आनंदात एक गोष्ट नजरेतून सुटते. शेळी सगळ्याच करडांना सारखं जवळ करत नाही. एक चाटूनपुसून कोरडं होतं आणि दुसरं कोपऱ्यात कुडकुडत पडतं. म्हणून करडं मोजून थांबू नका, त्यांची पोटं बघा. पोट भरलेलं करडू उठलं की अंग ताणून आळस देतं. उपाशी करडू पाठ वाकवून उभं राहतं, बरगड्यांमागे खळगा दिसतो आणि तोंडात बोट घातलं तर गार लागतं.

शेळी आपलं करडू ओळखते ते वासावर. व्यायल्यावर पहिल्या तास-दोन तासांत अंगावरचं पाणी चाटताना हा वास तिच्या ओळखीचा होतो. पुढेही करडू सडाला लागलं की ती मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते. तेवढी खात्री पटली की पिऊ देते, नाहीतर ढुशी. त्यामुळे कौतुकानं करडू उचलून घरात नेऊ नका. नाकातोंडातला चिकटा काढा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि करडू तिच्या तोंडापुढे ठेवा. ती चाटत नसेल आणि गारठा असेल तर पुसा, पण तिच्यासमोरच.

बऱ्याचदा घोळ होतो तो दुसऱ्या करडाच्या वेळी. कळा आल्या की शेळी जागा बदलते आणि पहिलं मागेच राहतं. माय-लेकरांना एक-दोन दिवस छोट्या कप्प्यात वेगळं ठेवलं तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

तरीही लाथ मारत असेल तर आधी कास तपासा. एक बाजू कडक, गरम लागली तर कासदाहाची शंका घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. दुखणाऱ्या सडाला करडू लागलं की लाथ बसणारच. करडाचे दात टोचतात का, तेही बघा. कास ठीक असेल तर, विशेषतः पहिलारू शेळीला, धरून दिवसातून चार-पाच वेळा पाजा. बऱ्याच शेळ्या काही दिवसांत निवळतात. मारझोड केलीत तर ती आणखी बिथरेल. तिळ्यांचं गणित वेगळं: सड दोनच, त्यामुळे सगळ्यात अशक्त करडू मागे पडतं. त्याला बाटली लावावीच लागते.

चिकाला मात्र उशीर नको. जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक, आणि पहिल्या २४ तासांत वजनाचा साधारण दहावा हिस्सा. म्हणजे २ किलोच्या करडाला सुमारे २०० मिली, चार-पाच वेळा विभागून. दिवस उलटला की चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत. करडू गारठून मान टाकत असेल तर लगेच पाजू नका, चीक श्वासनलिकेत जाईल. आधी ऊब द्या, मान धरू लागलं आणि चोखू लागलं की मग पाजा.

कास चांगली असूनही सलग दोन वेतांत करडू झिडकारणारी शेळी पैदाशीला ठेवू नये, असं माझं मत.