पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण : रोगाच्या नावापलीकडे जीवाणूचा प्रकारही पाहा

नागपूर जिल्ह्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास दाखल होतो आणि लस टोचल्यानंतर जनावराच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे गायी-म्हशींना घटसर्प व एकटांग्या (फऱ्या) या रोगांच्या लसी मेअखेरपर्यंत टोचून घ्याव्यात; गोठ्यात चिखल झाल्यावर केलेल्या धावपळीतून फारसे साधत नाही.

घटसर्प घडवणाऱ्या पाश्चुरेला मल्टोसिडा या जीवाणूचे बाहेरील आवरणावरून ए, बी, डी, ई आणि एफ असे पाच प्रकार पडतात. आपल्याकडील गायी-म्हशींना बाधतो तो बी, अधिक नेमके सांगायचे तर त्यातील बी:२ हा उपप्रकार. आफ्रिकेत याच रोगामागे ई प्रकारही आढळतो. कोंबड्यांच्या कॉलऱ्यालाही हाच जीवाणू कारणीभूत असला, तरी तेथे बहुधा ए प्रकार असतो. शरीराची प्रतिकारशक्ती जीवाणूच्या पृष्ठभागाची ठेवण ओळखते, त्याचे नाव नव्हे. म्हणून म्हशींना टोचून उरलेली लस परसातील कोंबड्यांना देण्याचा मोह टाळावा. भारतातील घटसर्पाच्या लसीसाठी पी ५२ हा वाण वापरला जातो आणि तो बी:२ गटातलाच असल्याने लस येथे लागू पडते. तुरटीयुक्त लसीचा प्रभाव चार ते सहा महिने, तर तेलयुक्त लसीचा सुमारे वर्षभर राहतो. आपल्या जनावरांना यांपैकी कोणती टोचली, याची नोंद अवश्य ठेवावी.

शेळ्यांच्या आंत्रविषारात प्रकार ठरतो तो विषावरून. कोवळ्या गवतावर तुटून पडलेली करडे अचानक दगावतात, त्यामागे बहुतेकदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा डी प्रकार व त्याचे एप्सिलॉन विष असते. लसीत हेच विष निष्प्रभ करून घातलेले असते. ए प्रकार ते विष तयारच करत नसल्याने त्याच्यापुढे ही लस कामी येत नाही. पहिल्यांदाच लस देत असल्यास साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. स्तनदाहाचे जीवाणू आणि त्यांचे वाण तर इतके विविध आहेत की, तेथे लसीपेक्षा कासेची स्वच्छता व दुधाची वेळच्या वेळी तपासणी यांवरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. नागपूरच्या मे महिन्यात ती तापू नये याची काळजी सारेच घेतात, पण बाटली थेट बर्फाला टेकवून गोठवली तरी तुरटीयुक्त व तेलयुक्त लस बिघडते, हे बरेचदा ध्यानात राहत नाही.

लस टोचूनही जनावर आजारी पडल्यास लगेच लसीला दोष देऊ नये. टोचणीला उशीर झाला असेल, लस तापली असेल, किंवा जीवाणूच वेगळ्या प्रकारचा असेल. हे नमुना तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून रक्ताचा नमुना घ्यावा. जनावर दगावले असल्यास त्यांच्या सल्ल्याने पायाचे लांब हाड बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोहोचवावे. मात्र मृत जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल, तर फाशी (अँथ्रॅक्स) रोगाचा संशय धरावा, शव मुळीच फाडू नये आणि तातडीने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.