गुडघ्याला कॉइल बांधण्याआधी आणि बांधल्यावर

“गुडघ्यातलं वंगण संपलंय, या यंत्राने परत येईल का?” फिजिओथेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. हे यंत्र म्हणजे तारेची कॉइल, तिच्यातून थांबून-थांबून वीज सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करतात. या स्पंदित विद्युतचुंबकीय उपचाराने, म्हणजे पीईएमएफने, झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, लोक ‘वंगण’ म्हणतात ते बहुतेक हेच) माणसाच्या सांध्यात पुन्हा भरून येते असं सिद्ध झालेलं नाही. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, तिची डागडुजी मुळातच अवघड. हाडाची गोष्ट वेगळी. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७९ मध्येच मान्यता दिली. हाड जुळतं म्हणून कूर्चाही उगवेल, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दुखणं कमी होऊ शकतं, आणि माझ्या लेखी ते थोडं नाही. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१३ च्या आढाव्यात ९ अभ्यासांतले सांधेझिजीचे ६३६ रुग्ण होते. १०० च्या मापावर खरा उपचार मिळालेल्यांच्या वेदना नकली उपचार मिळालेल्यांपेक्षा सरासरी १५ गुणांनी जास्त उतरल्या. हालचाल सुधारल्याचं मात्र ठामपणे दिसलं नाही.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा इन्सुलिन पंप असेल तर कॉइल लावूच नका. गरोदरपण, फिट्सचा त्रास, कॅन्सर किंवा सांध्यात धातूचं रोपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राचं बटण दाबायचं नाही. आणि गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल, अंगात ताप असेल, तर उपचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

यंत्र घेताना एक बघा: कॉइलमधून थांबून-थांबून वीज जाते का? साधे चुंबक शिवलेला पट्टा म्हणजे पीईएमएफ नव्हे, त्याचं चुंबकीय क्षेत्र बदलत नाही. वारंवारता हर्ट्झमध्ये आणि तीव्रता गॉस किंवा मिलिटेस्लामध्ये लिहिलेली नसेल तर ते यंत्र मी हातात घेत नाही.

आता बांधायचं कसं. माझा स्वतःचा डावा गुडघा दुखतो, त्यावर मी असं करते. खुर्चीत बसून पाय स्टुलावर, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. कॉइल कड्यासारखी गोल असेल तर गुडघ्याची वाटी बरोबर मधोमध यावी. दोन चकत्या असतील तर सांध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, समोरासमोर. पातळ कपड्यावरून चालतं, क्षेत्र कपड्यातून आरपार जातं. फोन आणि बँकेची कार्डं दूर ठेवा. पहिला आठवडा सगळ्यात कमी तीव्रता, मग पुस्तिकेत किंवा थेरपिस्टने सांगितली तेवढीच. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून बटण वाढवत बसू नका, पीईएमएफमध्ये झिणझिण्या याव्यात असा नियम नाही.

यंत्र काढल्यावरची वेळ मला सगळ्यात मोलाची वाटते. दुखणं कमी असतं, तेव्हाच मांडीचे स्नायू कामाला लावा. टॉवेलवर गुडघा दाबून पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला, तेही दहा वेळा. हे करणार नसाल तर कॉइलचा अर्धा उपयोग वाया गेला असं मी समजते.

यंत्र सुरू करण्याआधी आठवडाभर रोज रात्री वहीत दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागला का तेही लिहा. पुढेही रोज लिहीत राहा. सहा आठवड्यांनी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. आकडा दोननेही उतरला नसेल, तर यंत्र परत करा आणि व्यायाम चालू ठेवा.