ऑनलाइन अठराशे, मग पटावर काय होतं?

कोल्हापुरात बुद्धिबळाच्या स्पर्धेला पहिल्यांदा येणारी पोरं हल्ली नाव सांगायच्या आधी रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, सांगतात. "लिचेसवर अठराशे हाय." लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळ खेळायची साइट. त्यात खोटं काही नसतं, पण तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्यांना कुणी समजावलेलं नसतं. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी ऑनलाइन खेळतो आणि सुट्टीच्या दिवशी राजारामपुरीत अशा मुलामुलींसोबत पट मांडून बसतो. ऑनलाइन शिकलेला खेळाडू कुठं भारी असतो, कुठं सापडतो आणि त्यावर काय करता येतं, ते नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी त्या आकड्याचं बघू. लिचेसवर नवं खातं उघडलं की १५०० पासून सुरुवात होते आणि पहिले काही डाव रेटिंगपुढं प्रश्नचिन्ह असतं. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटचं गणित वेगळं आणि तिथं खेळणारी माणसंही वेगळी, त्यामुळं एका साइटवरचे अठराशे दुसरीकडं तेवढेच भरत नाहीत. त्यातही बुलेटचे (एक-दोन मिनिटांचे डाव), ब्लिट्झचे (तीन-पाच मिनिटांचे) की रॅपिडचे (दहा-पंधरा मिनिटांचे), हे विचारायचं राहूनच जातं. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग ही तिसरीच गोष्ट. ते मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून त्या यादीचा तळच १४०० आहे. म्हणजे समोरच्या काकांचं फिडे रेटिंग १४५० बघून "माझ्यापेक्षा साडेतीनशेनं कमी" असा हिशोब करणारा पोरगा दुपारपर्यंत शहाणा होतो.

पण या पोरांना कमी लेखणारेही चुकतात. जुन्या पिढीतल्या काहींना मोबाइलवरचं बुद्धिबळ म्हणजे टाइमपास वाटतो. त्यांनी अशा एखाद्या मुलीसमोर बसून एफ७ चं, म्हणजे काळ्या राजाशेजारचं, प्यादं जरा उघडं सोडून बघावं. डावपेच या मुलांना नुसत्या नजरेनं दिसतात. घोड्याचा दुहेरी मारा, राजामागं अडकलेला वजीर, शेवटच्या ओळीवरची मात ही चित्रं हजारो वेळा डोळ्यांखालून गेलेली असतात. पूर्वी गावात चार-पाच खेळणारे असले की वर्षभर त्यांच्याशीच खेळायचं. त्यातला एक हमखास फ्रेंच डिफेन्स (काळ्याची एक ठरावीक सुरुवात) खेळणारा, त्यामुळं फ्रेंच तेवढा पाठ. आता गारगोटीतला मुलगा रात्री जेवून झाल्यावर अर्जेंटिनातल्या माणसाशी खेळतो आणि सकाळी फिलिपिन्समधल्या. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, विविधता त्याला फुकटात मिळते. घड्याळात वीस सेकंद उरले तरी हात कापत नाही. आणि हरल्यावर लगेच पुढचा डाव लावायची सवय असल्यानं पराभव फार काळ उराशी धरून बसत नाही. ही बलस्थानं खरी आहेत. स्पर्धेतल्या पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांच्याच जोरावर गुण येतात.

अडचण पुढं सुरू होते, जेव्हा पटावर काहीच घडत नसतं. साधी इटालियन ओपनिंग घ्या. दोघांचे उंट सी४ आणि सी५ वर, पांढऱ्याची प्यादी सी३ आणि डी३ वर, काळ्यानं डी६ खेळलंय, पांढऱ्याचा किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) झालाय. कुणावर मारा नाही, काही लोंबकळत नाही. ऑनलाइन खेळाडूचा हात इथं शिवशिवतो. तो घोडा सरळ जी५ वर टाकतो, कारण एफ७ दिसतंय. काळा शांतपणे किल्लेकोट करतो, एफ७ ला राजा आणि हत्ती दोघांचा आधार मिळतो, मग एच६ येतं आणि घोडा मुकाट्यानं परत. दोन चाली वाया. याच जागी जाणता खेळाडू हत्ती ई१ वर आणतो आणि बी१ चा घोडा डी२, एफ१ करत जी३ वर नेतो. चार चालींत कुणाला काही मारलेलं नसतं, पण पट बदललेला असतो. फळ लगेच मिळत नाही अशी चाल खेळायची ही सवय तीन मिनिटांच्या डावात लागतच नाही. तिथं शांत चालीला बक्षीस नसतं. गोंधळ घालणाऱ्याला असतं, कारण समोरच्यालाही विचार करायला वेळ नसतो.

माझ्या मते ऑनलाइन खेळाडूची मूळ कमजोरी एवढीच आहे, बाकीच्या सगळ्या तिच्याच फांद्या. वेळ घ्या. एक तासाच्या डावात ही मुलं वीस मिनिटांत हरतात आणि घड्याळात चाळीस मिनिटं शिल्लक असतात. वेळ कमी पडल्यावर काय करायचं ते त्यांना पक्कं माहीत असतं. वेळ भरपूर असताना काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

दसरा चौकाजवळच्या एका हॉलमधल्या स्पर्धेतला डाव अजून डोळ्यांसमोर आहे. इचलकरंजीचा एक चुणचुणीत मुलगा, समोर निवृत्त शिक्षक. दोघांकडं एकेक हत्ती, गुरुजींकडं एक प्यादं जास्त. मुलाचा राजा बरोबर प्याद्याच्या पुढं, पहिल्या ओळीवर उभा. गुरुजींचं प्यादं ई४ वर, राजा त्याच्या शेजारी. हा डाव बरोबरीचा आहे, आणि फिलिडोरचा हा बचाव दोन-अडीचशे वर्षं पुस्तकांत आहे. आपला हत्ती तिसऱ्या ओळीवर ठेवून नुसता इकडं तिकडं हलवत राहायचं. समोरच्या राजाला ती ओळ ओलांडता येत नाही. शेवटी त्यानं प्यादं ई३ वर ढकललं की आपला हत्ती पार आठव्या ओळीला पळवायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढं गेल्यामुळं राजाला लपायला त्याच्या पुढं जागाच उरत नाही. मुलानं काय केलं? शह दिसला म्हणून दिला. दुसरा दिला, तिसरा दिला. हत्ती तिसऱ्या ओळीवरून उठला आणि गुरुजींचा राजा आरामात आत आला. घड्याळात पोराची वीसेक मिनिटं होती. डाव संपल्यावर गुरुजी म्हणाले, "बाळ, घाई कुठं होती?" आणि लगेच पट मांडून त्याला ती ओळ दाखवली. एवढं चांगलं शिक्षण फी भरूनही मिळत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा डाव सगळ्या जगानं बघितला. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्यातला चौदावा, शेवटचा डाव. गुकेशकडं एक प्यादं जास्त, दोघांकडं हत्ती आणि उंट; बहुतेकांच्या मते बरोबरी. गुकेशनं बरोबरी न मानता डाव नुसता चालू ठेवला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनी हत्ती एफ२ वर आणला, हत्तींची मारामारी झाली, पाठोपाठ उंटही अदलाबदलीत गेले आणि नुसते राजे आणि प्यादी उरलेली एंडिंग काळी सोंगटी घेतलेल्या गुकेशनं जिंकली. १८ व्या वर्षी जगज्जेतेपद. काही घडत नसलेल्या पटावर बसून राहण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडं नाही.

पटावरच्या काही गोष्टी तर खेळाच्या ताकदीशी संबंधितही नाहीत, पण त्यांनी गुण जातात. मोबाइलवर अवैध चाल होतच नाही, ॲप अडवतं. प्रत्यक्षात शह असताना दुसरीच सोंगटी हलवून घड्याळ दाबलं की अवैध चाल धरतात. मोठ्या वेळेच्या डावात पहिल्यांदा समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा डाव गेला. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. किल्लेकोट करताना आधी राजा, मग हत्ती, आणि एकाच हातानं. हत्तीला आधी हात लावलात तर त्या चालीत त्या बाजूला किल्लेकोट मिळत नाही. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं आणि जवळ जादा वजीर नसेल तर काही जण उलटा हत्ती ठेवतात आणि वजीर म्हणून खेळायला लागतात. नियमानं तो हत्तीच. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडं वजीर मागायचा, त्यात लाजायचं काही नाही.

बरोबरी विचारायची असेल तर चाल करायची, विचारायचं आणि मग घड्याळ दाबायचं. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर बरोबरी मागता येते; त्यासाठी आपली चाल पटावर न खेळता आधी स्कोअरशीटवर लिहायची आणि पंचांना सांगायचं. स्क्रीनवर यातलं बरंचसं आपोआप होतं, म्हणून ऐन वेळी सुचत नाही. चाली लिहिण्याचा सराव घरीच करा. लिहिताना पटावरची नजर हटते आणि परत आल्यावर सगळं नवं दिसतं, ही तक्रार प्रत्येक नवा खेळाडू करतो. मोबाइल मात्र हॉलमध्ये नकोच. तो वाजला तर पुढं चर्चा नसते.

आता सुधारायचं कसं. कोल्हापूरकर कुठलाही खेळ समजावताना शेवटी तालमीत जाऊन पोचतो. मी तो मोह टाळतो आणि थेट मुद्द्यावर येतो.

पहिलं, वेळ बदला. बुलेट पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, कुणी ऐकत नाही. पण दिवसातला एक डाव १५+१० चा, म्हणजे १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा असा, असू द्या. लिचेस डावाचा प्रकार ठरवताना सुरुवातीच्या वेळेत इनक्रिमेंटची (दर चालीला मिळणाऱ्या जादा सेकंदांची) चाळीसपट मिळवतं, त्यामुळं १०+० आणि १५+१० दोन्ही रॅपिडमध्येच मोजले जातात. खेळायला मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. दर चालीला १० सेकंद मिळाले की एंडिंग खरोखर खेळता येते, नुसता घड्याळाचा खेळ होत नाही. हरलेली बाजू घेऊन समोरच्याचा वेळ संपायची वाट बघायची खोडही त्यानं मोडते.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, डाव संपल्यावर लगेच स्टॉकफिशचं, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-इंजिनचं, बटण दाबू नका. इंजिन सांगतं की तेविसावी चाल ब्लंडर होती. ती का खेळलात, हे त्याला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि अर्ध्या तासात विसरतं. साधी दोनशे पानी वही घ्या. कुठं अडलो, कोणत्या दोन चालींत घोळ होता, समोरच्याची कोणती चाल अनपेक्षित आली, एवढं लिहा. मगच इंजिन. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी कितीतरी वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं, ग्रँडमास्टरच्या दर्जापर्यंत. आपण तेवढं करायची गरज नाही. वीस मिनिटं पुरेत. एक सांगून ठेवतो: चालू डावात इंजिन बघणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, त्यांना सुधारायचंच नसतं.

पझल्स सोडवाच, पण एक लक्षात ठेवा. पझल समोर येतं तेव्हाच कळलेलं असतं की इथं काहीतरी आहे. डावात ती घंटी वाजत नाही. म्हणून घड्याळावरची पझल्स कमी करा, आणि पहिली चाल हलवायच्या आधी शेवटपर्यंतची सगळी ओळ मनात पक्की करा. डावात दर चालीला समोरच्याकडं कुठला शह आहे, काय मारता येतं, हे बघायचं. तसं काही नसेल तर विचारायचं, माझी सगळ्यात वाईट उभी असलेली सोंगटी कुठली? तिला जागा शोधा. वर सांगितलेला जी३ चा घोडा असाच सापडतो.

ओपनिंगवर मी फार बोलत नाही. पांढऱ्यानं एक, काळ्यानं दोन, एवढ्या बास. यूट्यूबवरचे दहा चालींत मात करायचे सापळे बाराशे रेटिंगच्या वर कमी कमी चालतात. तो वेळ एंडिंगला द्या. राजा-प्याद्याची ऑपोझिशन (दोन राजांनी समोरासमोर एकमेकांची वाट अडवणं), वर सांगितलेला फिलिडोर, आणि लुसेना (हत्तीच्या एंडिंगमध्ये जास्तीचं प्यादं वजीर करायची पद्धत). या तिन्ही गोष्टी एका रविवारात समजतात आणि जन्मभर कामी येतात.

आणि माणसांसमोर बसा. आपला भाग यात गरीब नाही. महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ऋचा पुजारी कोल्हापूरची. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. भाग्यश्री ठिपसे आणि स्वाती घाटे त्याच मातीतल्या. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा का होईना, पट घरी हवा. ऑनलाइन डाव खेळतानासुद्धा समोर खरा पट मांडून त्यावर चाल करून मग स्क्रीनवर करा; सपाट चित्राला सरावलेले डोळे खऱ्या पटावर तिरका लांबचा उंट हमखास विसरतात.

स्पर्धा शोधायला चेस रिझल्ट्सची साइट आणि जिल्हा संघटनेकडं येणारी पत्रकं बघत राहा. बहुतेक स्पर्धा स्विस लीग पद्धतीच्या असतात, हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही, आणि हरलेल्याला पुढच्या फेरीत साधारण तेवढ्याच गुणांचा खेळाडू मिळतो. म्हणून पहिली फेरी गेली तर घरी जायचं नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोबाइलवर ब्लिट्झ खेळत बसू नका. चहा प्या, बाहेर चक्कर मारा.

पालक नेहमी विचारतात, "क्लास लावू का?" लावा, पण आधी एक चौकशी करा: तिथले शिक्षक मुलाचे स्वतःचे हरलेले डाव त्याच्यासोबत बसून बघतात का? बघत असतील तर फी वसूल आहे. फळ्यावर नुसते सापळेच दाखवत असतील तर तेवढ्या पैशात दोन-तीन स्पर्धांची प्रवेश फी निघते, ती भरा.